मुक्या मुलाची साक्ष

१९७९ साली, महाविद्यालयात शिकत असताना, एका वक्तृत्व स्पर्धेत मी शासनाच्या दुष्काळी धोरणावर कठोर टीका केली होती. आकडे सांगून झाले, श्रोते चुळबुळू लागले. तेव्हा मी आवाज उतरवला आणि १९७२च्या दुष्काळात आमच्या गावच्या कामावर आईशेजारी बसून खडी फोडणाऱ्या एका मुलीचे वर्णन केले. सभागृह स्तब्ध झाले. चषक मला मिळाला.

ती मुलगी कल्पित नव्हती. प्राथमिक शाळेत ती माझ्याच वर्गात होती. दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा मी मोठ्या अभिमानाने तिला ही हकीकत सांगितली. तिने शांतपणे विचारले, ‘‘मग माझी शाळा सुटली, त्याचं काही बोललास का?’’ मी बोललो नव्हतो. मी मंत्र्यांचा राजीनामा मागितला होता. तिच्या हातावरचे फोड माझ्या उपयोगी पडले. माझे भाषण तिच्या उपयोगी पडले नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकातील वैचारिक गद्याचा अभ्यास करताना हाच प्रश्न पुन्हा समोर आला. १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीने केलेल्या शरीरसंबंधाच्या सक्तीमुळे मरण पावली. कायद्यातील वयोमर्यादा दहा वर्षांची असल्यामुळे त्याच्यावर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने ती मर्यादा बारा वर्षांवर नेली. आगरकर या कायद्याच्या बाजूने उभे राहिले. धर्माचारात परक्या सरकारने हात घालू नये, ही टिळकांची भूमिका होती. पाहता पाहता वादाचा विषय सरकारचा अधिकार आणि राष्ट्राचा स्वाभिमान हा झाला. कायद्याचे नाव संमतिवयाचे, पण मुलीची संमती त्या वादात कोणीच विचारली नाही. तरीही मुलींना दोन वर्षांचे संरक्षण मिळाले, हे नाकारता येणार नाही. म्हणून मुलाच्या दुःखाचा उल्लेख करणेच गैर, असे मला म्हणवत नाही.

परंतु याच काळात एक मुलगी मोठी होऊन स्वतः बोलली होती. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी १८८५ साली मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने पत्रे लिहिली आणि बालविवाहाने आपले शिक्षण कसे खुंटले ते सांगितले. पतीकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी त्यांनी १८८७ साली दाखविली. त्यांच्या वाट्याला करुणेपेक्षा रोषच अधिक आला. ‘केसरी’नेही त्यांच्यावर टीका केली. मूल मुके असते तोवर ते कोणत्याही पक्षाला आपले म्हणता येते. बोलू लागले की ते स्वतःची मागणी पुढे ठेवते, आणि ती मागणी सर्वांनाच अडचणीची ठरू शकते.

भट्टनायकाच्या साधारणीकरणाच्या विचारानुसार काव्यातील व्यक्तीचे वेगळेपण गळून पडते आणि म्हणूनच तिचे दुःख रसिकाला आस्वाद्य होते. काव्यात हे इष्टच आहे, कारण तेथे रसिकाकडून कोणताही निवाडा मागितलेला नसतो. राजकीय व्यासपीठावर मात्र निवाडा मागितला जातो. तेथे मुलाचे वेगळेपण गळाले की त्याची गरजही गळते आणि केवळ करुणा उरते. त्या करुणेवर मग वक्ता स्वतःच्या मागणीचे नाव लिहितो.

आजही भाषणातून वा छायाचित्रातून एखादे मूल पुढे आणले गेले की माझे डोळे भरून येतात. त्याची मला लाज वाटत नाही. पण अशा वेळी मी वक्त्याच्या शेवटच्या वाक्याची वाट पाहतो. अखेरीस मागितले काय, आणि त्यातले त्या मुलाच्या हाती काय पडणार, एवढेच मला ऐकायचे असते. १९७९चा तो चषक अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर माझे एकट्याचेच नाव कोरलेले आहे.