वर्ध्याचा समुद्र

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. सांगण्यासारखं काहीतरी घडलंय आणि त्यात माझी चांगलीच शोभा झालीय. तिखटमीठ लावून ही गोष्ट नातेवाईकांपर्यंत पोचायच्या आत आपणच सांगितलेली बरी!

तर झालं असं. आम्ही नवी गाडी घेतली. क्रॉसओव्हर म्हणतात ती. दिसायला एसयूव्ही, उंचावर बसल्याचं सुख, खालून जवळजवळ वीतभर मोकळी जागा. इंजिनाची ताकद मात्र फक्त पुढच्या दोन चाकांना. ही शेवटची गोष्ट जाहिरातीत नव्हती. जाहिरातीत समुद्र होता, वाळू होती, तंबू होता आणि हसणारं चौकोनी कुटुंब होतं. आमचंही कुटुंब चौकोनीच. लेकीने विचारलं, "बाबा, आपण कधी जायचं?"

आता वर्धेकराने समुद्र कुठून आणायचा? रेल्वेने मुंबईच साडेसातशे किलोमीटरच्या वर. शिवाय कोकणात वाळूवर गाडी घालणाऱ्यांची फजिती मी वाचली होती. चाक रुततं, भरती येते आणि बघता बघता गाडीत पाणी शिरतं. त्यात वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने २००२ साली त्यांना जपायचं काम सुरू केलं. अशा वाळूवरून गाडी गेली तर अंडी दबतात आणि चाकोरीत पडलेल्या पिल्लाला वर येणं कठीण होतं.

म्हणून मी हुशारी केली. म्हटलं, आपली वर्धा नदी आहे ना! मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम, पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. म्हणजे आपली रेती समुद्राच्याच वाटेवर आहे. आणि इथे ना भरती, ना कासवं. (हे माझं मत. नदीला कुणी विचारलं नव्हतं.)

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी पुलगावच्या खालच्या अंगाला, बैलगाड्यांच्या वाटेने गाडी पात्रात उतरवली. धार पलीकडच्या काठाला सरकलेली, अलीकडे नुसती पांढरी रेती. सुरुवातीला चाकाखाली घट्ट लागलं. लेक ओरडत होती, धाकट्याने टाळ्या पिटल्या, बायकोसुद्धा हसली. धारेजवळ तंबू ठोकला. जाहिरात पुरी झाली!

पात्रात थोड्या अंतरावर डांगरवाडी होती. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडे नदीच्या रेतीत खड्डे करून टरबूज-डांगराचे वेल लावतात ना, तीच. दिवस कलताना तिथले म्हातारेबुवा आले. तंबूकडे बघून म्हणाले, "राती इथं नका राहू जी. पानी येते."

मी शहाणपणा पाजळला. "मार्चमध्ये कुठला पाऊस बाबाजी?"

"पाऊस कायले पायजे? वर धरन हाये ना."

मी गप्प झालो. मोर्शीकडे सिंभोऱ्याला अप्पर वर्धा, आर्वी तालुक्यात धनोडीला लोअर वर्धा. दोन धरणांच्या खाली, नदीच्या बिछान्यावर मी दोन पोरांना झोपवणार होतो आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

घाईघाईने तंबू गुंडाळला. गाडी वळवली आणि बसली. तिथे आधी कुणीतरी रेती उपसलेली; खड्डा वरवर भरून आला होता, पण आत सगळं पोकळ. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली, रेती मागे उडाली आणि गाडी पोटावर टेकली. "रेस नका देऊ," बाबाजी म्हणाले, "पाताळात जाईन गाडी."

सूर्य बुडाला. बायको धाकट्याला कडेवर घेऊन काठाकडे निघाली. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं. मला उगाचच धारेचा आवाज वाढल्यासारखा वाटत होता.

मग आठवलं, चाकातली हवा कमी करायची. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, चाक कमी रुततं. ३३ पौंडांची अठरावर आणली. हवा परत भरायचा पंप मात्र घरी! जेवणाच्या थाळ्यांनी चाकांपुढची आणि गाडीखालची रेती उपसली. बाबाजींनी काठावरून पऱ्हाट्यांचा भारा आणून चाकांपुढे अंथरला. कपाशीच्या जिल्ह्यात असल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मी आल्या चाकोरीनेच मागे जाणार होतो, तेच सोपं होतं. पण मघापासून एक टिटवी डोक्यावर कलकलत होती. बाबाजी म्हणाले, "तिकून नका काढू. अंडे हायेत." बॅटरी मारली. उघड्यावर, खड्यांत, खड्यांच्याच रंगाची चार अंडी. आमच्या चाकाच्या खुणेपासून दीड वितीवर! येताना आम्ही सगळे ओरडत होतो, तेव्हा ती तिथेच होती.

मग दुसऱ्या, जड बाजूने. लेक अंड्यांच्या अलीकडे बॅटरी धरून पहारा देत उभी राहिली. दोनदा गाडी परत बसली, तिसऱ्यांदा निघाली. आठ वाजून गेले होते.

रात्री बाबाजींच्या झोपडीशेजारी, उंच काठावर तंबू टाकला. मला झोप लागली नाही. सकाळी पाहिलं तर पाणी कालच्याच जागी. लेकीने त्यांना विचारलंच, "आजोबा, पाणी तर आलंच नाही!"

ते हसले. "आलं असतं त मंग कोनाले इचारलं असतं बाई?"

गाडी काढल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दोन टरबुजांचे मात्र मोजून घेतले. अर्ध्या हवेच्या टायरांवर बैलगाडीच्या वेगाने आम्ही पुलगावात हवा भरायला आलो.

कोकणातल्या कासवांची मला इतकी काळजी आणि घरची नदी मात्र मी रिकामी समजून चाललो. तिथे एक वाडी होती, एक घरटं होतं आणि नदीची स्वतःची जागा होती. पुढच्या वेळी गाडी काठावर, पंप डिकीत, आणि आधी वाडीवाल्याला विचारायचं. पात्रात पायी उतरायचं, लेकीच्या मागून. तिला आता अंडी दिसतात.