हाडाला जागा

हिरडीची कातडी भलती घाईची. हिरडी चिरून तिचा फ्लॅप उघडून दाताच्या मुळावरचं किटण खरवडलं, टाके घातले, की हाडाच्या पेशी हलायच्या आत ही कातडी मुळाच्या कडेने खाली उतरते आणि जागा अडवून बसते. जखम भरते, रुग्ण खूश. पण दाताला हाडाशी बांधणारे तंतू परत येत नाहीत. मुळाशी आधी कुठल्या पेशी पोचतात यावर सगळं अवलंबून, असं संशोधक मेल्चर यांनी १९७६मध्ये मांडलं. १९८२मध्ये नायमन आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या हिरडीखाली चक्क प्रयोगशाळेतलं गाळणपटल बसवून कातडीला बाहेर थोपवलं. आज त्या जागी कोलॅजनचं, आपोआप विरघळणारं मेम्ब्रेन आहे.

पण मेम्ब्रेनपेक्षा दाताशेजारी हाड झिजून पडलेला खड्डा महत्त्वाचा. तीन बाजूंनी हाड शाबूत असलेला खोल, अरुंद खड्डा दिसला की माझे हात शिवशिवतात. एकच भिंत उरली असेल तर रक्ताची गुठळी टिकत नाही. आणि सगळीकडून सारखंच झिजलेलं हाड? ते वर चढवता येत नाही. तंबाखूची मिश्री सोडायला तयार नसलेल्या मावशींनाही मी सरळ सांगते, ‘पैसे वाया जातील.’ त्या रागावतात. रागावू देत.

खड्ड्यात भरायचा ग्राफ्ट बहुतेकदा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेतून आलेला: दान मिळालेल्या हाडाची, किरणोत्साराने निर्जंतुक केलेली भुकटी. सलाईनमध्ये भिजली की ओल्या रव्यासारखी होते. नवशिके ती ठासून भरतात. सैल भरावी, नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला वाट हवी. रुग्णाचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मिळणारी पिवळसर पीआरएफची (प्लेटलेटयुक्त फायब्रिनची) गुठळीही मी वापरते. हल्ली ती ऊठसूट कुठेही घालायची फॅशन झाली आहे, ते सोडा. टाके मात्र ताण न देता. फ्लॅप ओढून शिवला की आठवड्यात उसवतो आणि मेम्ब्रेन उघडं पडतं.

पुढे सहा महिने त्या जागी खोली मोजायचा प्रोब घालायचा नाही. मग एक्स-रे. काळा खड्डा पांढुरका दिसतो आणि रुग्ण माझ्याकडे कौतुकाने बघतो. पण ते पांढरं नुसती ग्राफ्टची भुकटीही असू शकते. मधे कातडीचा पातळ पदर लपलेला असला तर एक्स-रेला दिसत नाही. तंतू खरंच रुजले का, हे पाहायचं तर दात आजूबाजूच्या हाडासकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागेल. म्हणून दात आणि हिरडीमधला कप्पा किती मिलिमीटरने उथळ झाला, दात किती कमी हलतो, एवढंच मी केसपेपरवर लिहिते आणि तीन महिन्यांनी सफाईला बोलावते.