सावळ्या बाहुलीचे बूट

वस्तीतल्या बालवाडीसाठी जुन्या बाहुल्या आणि त्यांचं सामान मदत म्हणून आलं. ते दुरुस्त करायला आम्ही बसलो आणि आधी बिघडवूनच ठेवलं. शाईचा डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर लावलं, तर प्लास्टिकची पर्सच विरघळली. चिकट बूट उकळत्या पाण्यात टाकले, ते वाकडे झाले. शेवटी कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रशच कामी आला.

खरी चूक नंतर कळली. एका मुलीने विचारलं, "हिला बूट का नाहीत?" सगळं चांगलं सामान आम्ही गोऱ्या बाहुल्यांना घातलं होतं. सावळी अनवाणीच!

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांना गोरीच 'चांगली' वाटली. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या 'ब्राऊन' निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. दोघेही बाबासाहेबांच्याच कोलंबिया विद्यापीठाचे पीएचडी.

हे सगळं आम्ही एम.ए.ला वाचलं होतं. तरी हात गोरीकडेच गेला. समतेवर भाषण देणं सोपं आहे. वाटप करताना आपला हात आधी कुणाकडे वळतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याने तपासावं. सावळीचे बूट आता आम्ही रेक्झिनचे शिवलेत.

जयभीम!