हिशेब जुळेपर्यंत

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आमच्या घरी हा प्रश्न मुलाने परस्पर सोडवला. त्याने दूरचित्रवाणी संच इंटरनेटला जोडून दिला आणि ‘पायरो’ ही जुनी इंग्रजी मालिका कशी लावायची, हे मला व त्याच्या आईला शिकवले. तेव्हापासून आम्हा उभयतांची ती मालिका दोनदा पाहून झाली असून तिसरे पारायण सुरू आहे. शेजारी विचारतात, “खुनी कोण हे एकदा कळल्यावर पुन्हा त्यात पाहायचे काय?” प्रश्न रास्त आहे. रहस्य फुटल्यावर रहस्यकथा सोडवून झालेल्या शब्दकोड्यासारखी व्हायला हवी. तशी ती होत नाही, याचे कारण शोधण्याचा हा प्रयत्न.

अगाथा ख्रिस्ती यांच्या हर्क्युल पायरो या गुप्तहेरावरील ही मालिका ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर 8 जानेवारी 1989 रोजी सुरू झाली आणि 13 नोव्हेंबर 2013 रोजी संपली. भाग एकूण 70. जवळजवळ 25 वर्षे पायरोची भूमिका डेव्हिड सुशे या एकाच नटाने केली. भूमिका स्वीकारल्यावर त्यांनी मूळ पुस्तके वाचून पायरोच्या सवयींची यादी केली. चहात साखरेचे खडे किती घालतो, इथपासूनच्या नोंदी तीत होत्या आणि ती 93 नोंदींपर्यंत गेली. ज्याने आयुष्यभर खातेवह्या पाहिल्या, त्याला अशा यादीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पायरो हा बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात निर्वासित होऊन तो इंग्लंडला आला. ठेंगणी मूर्ती, चकाकणारे बूट, निगुतीने वळवलेल्या मिशा. लोक त्याला फ्रेंच समजतात, त्याच्या उच्चारांना हसतात आणि नेमके तेव्हाच बेसावध राहतात. लंडनच्या चार्टरहाउस स्क्वेअरमधील फ्लोरिन कोर्ट ही इमारत मालिकेत त्याचे निवासस्थान म्हणून दिसते. तेथे त्याची सचिव मिस लेमन हिने लावलेल्या फायलींची व्यवस्था पाहून माझ्यातला जुना बँक अधिकारी अजूनही सुखावतो.

मालिकेचा पहिलाच भाग क्लॅपहॅम येथील एका स्वयंपाकीण बाईविषयी आहे. वर्तमानपत्रात एका बँक कर्मचाऱ्याने केलेल्या मोठ्या अपहाराची बातमी आहे. पण आपल्या योग्यतेचे प्रकरण त्यात नाही, असे पायरोला वाटते. इतक्यात एक मध्यमवर्गीय गृहिणी येते आणि सांगते की, तिची स्वयंपाकीण नाहीशी झाली आहे. पायरो नाक मुरडतो. ती बाई त्याला सडेतोड सुनावते: श्रीमंत स्त्रीला तिचे मोती जसे, तशी मला माझी स्वयंपाकीण. पायरोला ते पटते. पुढे त्या बाईचा नवरा तपास नको म्हणून कळवतो आणि मोबदला म्हणून एका गिनीचा, म्हणजे 21 शिलिंगांचा धनादेश धाडतो. अपमानित झालेला पायरो स्वतःच्या खर्चाने तपास पुरा करतो. स्वयंपाकीण आणि बँकेतील अपहार यांचा धागा एकच निघतो. तो कसा, हे सांगून मी वाचकांचा रस घालवीत नाही. शेवटी तो धनादेश वटवला जात नाही. कोणतीही गोष्ट क्षुल्लक मानू नये, याची आठवण म्हणून पायरो त्याला चौकट करून घेतो.

आमच्या थोरल्या वहिनींना मात्र हे वेड मान्य नाही. “भाऊजी, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणारी आपण माणसे आणि दिवस मावळल्यावर खून पाहत बसता?” असे त्यांनी मला एकदा सरळच विचारले. त्यांना मी जे सांगितले ते असे. या मालिकेत, विशेषतः तिच्या आरंभीच्या भागांत, खून बहुधा पडद्याआड घडतो. पडद्यावर दिसतात ते त्याचे परिणाम. मेलेला माणूस लोभी, दुष्ट, घरात कोणालाही नकोसा असला, तरी त्याला मारण्याचा अधिकार पायरो कोणालाही देत नाही. एका प्रसिद्ध कथेत तो गुन्हेगारांना जाऊ देतो. पण 2010 साली चित्रित झालेल्या त्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’च्या शेवटी त्याच्या हातात जपमाळ आहे आणि डोळ्यांत पाणी. वहिनी म्हणाल्या, “मग ठीक आहे.” मात्र अजून त्या पाहायला बसलेल्या नाहीत.

मला स्वतःला या कथांची ओढ वाटते, तिचे मूळ माझ्या नोकरीच्या काळात आहे. 1980च्या दशकात मी तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत नवखा अधिकारी होतो. एका संध्याकाळी रोख रकमेत 7,200 रुपयांची तूट आली. त्या काळी ही कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम. रोखपाल अबोल, सरळमार्गी गृहस्थ होते. त्यांनी तीनदा मोजणी केली, तूट तेवढीच. तासाभरात कुजबुज सुरू झाली. कोणाला त्यांच्या मुलीचे ठरलेले लग्न आठवले, कोणाला पतपेढीचे कर्ज. काल जे त्यांच्या डब्यातली भाजी खात होते, तेच आज त्यांच्या पिशवीकडे पाहत होते.

शाखेचे लेखापाल मात्र वहीकडे पाहत होते. त्यांनी 7,200 ला 9 ने भागले. भाग पूर्ण गेला, 800 आले. हिशेबनीसांचा हा जुना नियम आहे: फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर आकडे उलटसुलट लिहिले गेल्याचा संशय घ्यावा. आठशे म्हणजे शेजारच्या दोन अंकांमध्ये आठचे अंतर, म्हणजे 9 आणि 1 शोधा. दुसऱ्या दिवशी दुपारी भरण्याची एक स्लिप भलत्याच गठ्ठ्यात सापडली. तिच्यावर रक्कम 1,900 होती. जमेच्या वहीत एका कारकुनाने ती 9,100 लिहिली होती. तूट मुळात नव्हतीच. रोखपालांनी ती स्लिप हातात घेतली, पाहिली आणि परत दिली. त्यांनी पुढे आणखी नऊ वर्षे नोकरी केली. पण त्या दिवसानंतर ते डबा एकटेच खात.

वहीतली चूक लाल शाईने दुरुस्त झाली. रात्रभर जे बोलले गेले होते, त्याची दुरुस्ती करण्याचा रकाना बँकेच्या कोणत्याही वहीत नव्हता.

म्हणूनच मला ‘मिसेस मॅगिन्टीज डेड’ हा 2008 सालचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. खेड्यात घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या एका वृद्धेचा खून होतो. तिने घरात दडवलेले 30 पौंड नाहीसे झालेले असतात. तिच्याकडे खोली घेऊन राहणारा जेम्स बेंटली पकडला जातो आणि त्याला फाशीची शिक्षा होते. पुरावा गोळा करणारा पोलीस अधिकारी स्पेन्स स्वतःच अस्वस्थ होऊन पायरोकडे येतो. बेंटली कोणालाही आवडावा असा माणूस नाही. तो रडतराऊत आहे, स्वतःला वाचवण्यासाठी नीट बोलतही नाही. तरी एका अप्रिय, निर्धन माणसाच्या मानेभोवतीचा दोर सोडवण्यासाठी पायरो त्या खेड्यातील गैरसोयीच्या घरात मुक्काम करतो. 2003 साली चित्रित झालेल्या ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये तर एक मुलगी अनेक वर्षांपूर्वीच्या खटल्याविषयी विचारते: वडिलांना खरोखर माझ्या आईनेच मारले का? आई हयात नाही, नवा पुरावाही नाही. पायरो पाच साक्षीदारांना फक्त शांतपणे ऐकून घेतो. त्यातून आई निर्दोष ठरते.

खुनी सापडण्याचा आनंद एकदाच मिळतो. संशयाच्या ओझ्याखालून निर्दोष माणसे मोकळी होताना मात्र कितीदाही पाहावे. पायरो शेवटी सर्वांना दिवाणखान्यात जमवतो आणि एकेकाचे खाते उघडतो, तेव्हा खऱ्या गुन्हेगाराइतकेच माझे लक्ष बाकीच्यांच्या चेहऱ्यांकडे असते. एकाच कुटुंबातील ती माणसे आता पुन्हा एकमेकांकडे सरळ पाहू शकतील, हे तिथे दिसते. ती मालिका वारंवार पाहण्याचे माझे कारण हेच.

आपली घरे व्यापाऱ्यांची. गल्ल्यात कधी पाचशे रुपये कमी भरतात, भागीदारीत कधी एखादी जमा दिसत नाही, वाटणीनंतर एखादा दागिना आठवतो पण सापडत नाही. अशा वेळी पहिली नजर दुकानातल्या नोकराकडे, धाकट्या भावाकडे किंवा नव्याने आलेल्या सुनेकडे वळते. त्या नजरेआधी वही पुन्हा एकदा उघडावी, बेरीज पुन्हा करावी आणि फरकाला 9 ने भागून पाहावे. एवढे होईपर्यंत कोणाचे नाव तोंडातून काढू नये. तो नोकर, तो भाऊ, ती सून उद्याही आपल्याच पंक्तीला बसणार आहे.