वैराचे उसने

मराठीतील सुडाची भाषा पुष्कळशी देण्याघेण्याच्या व्यवहारातून आलेली आहे, आणि तिचा एक जुना थर आज बोलण्यातून जवळजवळ पुसला गेला आहे. शेजाऱ्याकडून परतीच्या बोलीवर आणलेले पीठ, मीठ किंवा पैसे एवढाच ‘उसने’ या शब्दाचा अर्थ आता घरोघरी उरला असला, तरी वैऱ्याने केलेल्या आघाताची परतफेड करणे या अर्थानेही ‘उसने फेडणे’ असे जुनी मराठी म्हणत असे. अमरकोशात सुडासाठी दिलेल्या पर्यायांत ‘वैरशुद्धी’ आणि ‘वैरनिर्यातन’ हे दोन शब्द येतात, आणि त्यांतील ‘निर्यातन’ म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव परत करणे, असाही अर्थ तोच कोश नोंदवतो. दुखावलेल्या माणसाजवळ वैर हे दुसऱ्याची ठेव म्हणून राहते, आणि ती परत केल्याखेरीज त्याचे घर शुद्ध होत नाही, ही कल्पना भयंकर आहे, पण तिच्यात एक आशाही आहे, कारण जे फेडता येते ते कधीतरी फिटतेही.

इंग्रजीचा प्रवास याहून वेगळा दिसतो. मध्ययुगीन इंग्रजीत सुडासाठी ‘व्रेचे’ असा शब्द होता; तो मेला, आणि त्याचे भावंड असलेले ‘रीक’ हे क्रियापद सूड, विध्वंस अशा मोजक्या शब्दांच्या सोबतीनेच आज तग धरून आहे. हाकलून देणे, पिटाळणे हा त्या कुळाचा मूळ भाव होता. फिटण्याची सोय त्या शब्दात नव्हती, म्हणून त्या समाजाला ती कायद्यात करावी लागली, आणि मारल्या गेलेल्या माणसाचे मोल त्याच्या आप्तांना देऊन वैर मिटवण्याची ‘वेअरगिल्ड’ नावाची रीत तेथे रुजली. आपस्तंब धर्मसूत्रातही क्षत्रियाच्या वधासाठी 1000, वैश्याच्या वधासाठी 100 आणि शूद्राच्या वधासाठी 10 गाई वैर फेडण्याकरिता सांगितल्या आहेत. जिवाचे मोल वर्णावरून ठरवणारा हा हिशेब आज वाचवत नाही.

हिशेब फिटतो या श्रद्धेला सर्वांत मोठा तडा मराठ्यांच्या इतिहासात 1697 मध्ये गेला. संताजी घोरपड्यांनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले होते, आणि म्हसवडच्या नागोजी मान्यांची पत्नी ही त्या अमृतरावांची बहीण. भावाच्या मृत्यूचा सल तिने पतीच्या मनात जागता ठेवला, असे सांगितले जाते, आणि शंभू महादेवाच्या डोंगराळ मुलखात एकटे सापडलेले संताजी नागोजींच्या हातून मारले गेले. एका घराचे उसने फिटले, पण त्याची किंमत स्वराज्याने मोजली, कारण औरंगजेबाच्या फौजांना ज्याच्या नावाची धडकी भरत असे तो सेनापती ऐन झुंजीच्या काळात गेला. सेनापती घोरपड्यांचे कापशी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहे.

त्याच कोल्हापुरातील शिवाजी पेठेत ही भाषा अजून जिवंत आहे, मात्र तिने रणांगण बदलले आहे. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम ही पेठेची नावे राजर्षी शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या हंगामात गाजतात, आणि पाटाकडील तालमीशी शिवाजी तरुणचा सामना असला की उट्टे काढणे, वचपा काढणे, जिरवणे हे शब्द निवृत्ती चौकापासून गॅलरीपर्यंत ऐकू येतात. कुस्ती शिकवणाऱ्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत, ही कोल्हापूरची खास रीत. या सगळ्याला येथे ‘ईर्षा’ म्हणतात. संस्कृतात तिचा अर्थ मत्सर असला, तरी पेठेत ती जिद्दीच्या अधिक जवळची आहे, आणि ईर्षेने खेळला हे खेळाडूचे मोठे कौतुक असते. ही ईर्षा कधी कधी मैदान सोडून रस्त्यावर उतरते, दगड उचलते, आणि तेव्हा तिच्यात जुना विखार परततो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही नव्वद मिनिटांत ज्याचा निकाल लागतो आणि ज्यात हरलेल्याला पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहण्याचा हक्क असतो, ते उसने संताजींच्या वाट्याला आलेल्या उसन्याहून फार थोर आहे, आणि फिटण्याचे जे वचन जुन्या शब्दाने दिले होते ते मैदानावरच्या गोलात अधिक खरे होते.