वाढलेले मिलिमीटर कुणाच्या वाट्याला?

ऐंशी-नव्वदच्या दशकात जंगलात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या हौशी माणसावर लांब पल्ल्याची लेन्स ‘निवडण्याची’ वेळ फारशी येतच नसे. जी मिळेल ती आपली. अमेरिकेतून किंवा आखातातून सुट्टीवर येणारा कुणाचा तरी मावसभाऊ, नाहीतर मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारातला ओळखीचा दुकानदार, एवढेच दोन रस्ते. त्यातही नवी लेन्स क्वचित, बहुतेक वेळा कुणीतरी वापरलेलीच.

अशी लेन्स हातात आली की आधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च धरायचा आणि काचेच्या कडेला पांढरे तंतू दिसतात का ते डोळे ताणून बघायचं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरायचीच. मग फोकसची रिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. कुठे अडकते का, ग्रीस सुकलंय का, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का, हे सगळं बोटांना कळायचं. एवढ्या परीक्षेतून पार पडलेली लेन्स घरी आली की सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात तिची जागा ठरलेली.

त्या लेन्स तरी कोणत्या? ३०० मिमी एफ/४.५, फार तर ४०० मिमी एफ/५.६, आणि फोकस हातानं. याहून पुढचा पल्ला परवडणाऱ्या किमतीत हवा असेल तर ५०० मिमी एफ/८ची मिरर लेन्स. काचांबरोबर आरसे वापरून प्रकाशाची वाट दुमडलेली असल्यानं ती आखूड आणि हलकी. पण अ‍ॅपर्चर कायमचं ८, आणि मागच्या चमकत्या पाण्यातले ठिपके फोटोत मेदूवड्यासारखे मधोमध भोक घेऊन उमटायचे. लांब पल्ल्याच्या झूम लेन्सला तर जाणती मंडळी हातच लावत नसत. झूम म्हणजे सोय, पण चित्राची धार गेलीच, असा त्या काळचा अनुभव होता.

खरी लढाई प्रकाशाशी असायची. १०० आयएसओची स्लाईड फिल्म आणि ५.६ अ‍ॅपर्चर धरा. भर उन्हात साधारण १/८०० सेकंदाचा शटर मिळतो. पण जनावरं भर उन्हात कुठे बाहेर येतात? सकाळी झाडीच्या सावलीत प्रकाश चार स्टॉपनी उतरला की तोच आकडा १/५०वर येतो. ४०० मिमीची लेन्स हातात धरून फोटो हलू द्यायचा नसेल, तर निदान १/४०० हवा. मधली तूट भरून काढायला जुन्या पँटचा पाय कापून, त्यात तांदूळ भरून शिवलेली पिशवी जिप्सीच्या दांडीवर टाकायची, तिच्यावर लेन्स टेकवायची, श्वास रोखायचा आणि चितळानं मान वळवून क्षणभर थांबण्याची वाट बघायची. रोलमध्ये ३६ फ्रेम असायच्या. हल्लीचा कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम घेतो, म्हणजे तो अख्खा रोल आज दोन सेकंदांच्या आत संपला असता. तेव्हा तो दोन-दोन दिवस पुरवावा लागे.

या तुटवड्यानं आम्हाला घडवलं, हे मी मनापासून मानतो. ग्रुपमध्ये ४००ची लेन्स एकाकडेच असायची आणि ती सगळ्यांची असायची. पाणवठ्यावर पाळीपाळीनं ती पुढे सरकायची. ज्याच्या हातात लेन्स नसेल तो कान देऊन बसायचा. वानराचा खाकरा, सांबराचा पोंक, मोराची आरोळी यांतला फरक त्या रिकाम्या वेळात कळला. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या गणनेला मचाणावर बसायचो, तेव्हा तर कॅमेरा पिशवीतच राहायचा. चांदण्यात उपयोग एकट्या डोळ्यांचा आणि कानांचा. पुढे स्लाईड धुऊन आल्या की कुणाच्या तरी हॉलमध्ये पांढरी चादर टांगून सगळ्यांनी मिळून बघायच्या. फोटो कुणाचा हे दुसऱ्या नंबरवर, तिथे काय घडलं हे आधी.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थानं समोर आला तो १९९८ साली कॅननची १०० ते ४०० मिमी आली तेव्हा. पुढे-मागे सरकवायचा तिचा झूम वेगळा होता आणि हाताची थरथर सावरणारी स्थिरीकरणाची सोय आत होती. २००० साली निकॉननं ८० ते ४०० मिमी काढली. त्यांच्या एसएलआरसाठीची ही कंपन रोखणारी पहिली लेन्स. पट्ट्याचा आकडा जवळपास सारखा, पण कॅननच्या लेन्समध्ये फोकसची मोटर आतच, तर निकॉनला कॅमेऱ्यातल्या मोटरवर भागवावं लागे. त्यामुळे उडत्या पक्ष्यामागे ती धापा टाकायची. उलट कॅननची लेन्स सरकवताना धूळ आत ओढते, असं निकॉनवाले सांगायचे. भिगवणच्या काठावर चहा घेताना हा वाद हमखास रंगायचा. पण ४००च्या पुढे जायचं तर हे दोन्ही पक्ष हतबल. १९९९ची कॅननची ६०० मिमी एफ/४ तब्बल ५ किलो ३६० ग्रॅमची, आणि तिची किंमत नोकरदार माणसानं विचारूही नये अशी.

ती भिंत पाडली टॅमरॉननं. २०१३च्या अखेरीस त्यांनी १५० ते ६०० मिमीची लेन्स जाहीर केली. वजन दोन किलोच्या आत आणि अमेरिकेत किंमत अकराशे डॉलरच्या आत. वर्षभरात सिग्मानं त्याच पल्ल्याच्या एक सोडून दोन लेन्स आणल्या, एक जड आणि दणकट, दुसरी हलकी. २०१५ साली निकॉननं २०० ते ५०० मिमी आणली आणि अ‍ॅपर्चर शेवटपर्यंत ५.६ ठेवलं. शाळामास्तर, बँकेतला कारकून, मेडिकल दुकानदार अशा लोकांच्या हातात ६०० मिमी आली ती या दोन वर्षांत. महाराष्ट्रातल्या पक्ष्यांच्या नोंदी आज गावोगावचे लोक फोटोसह करतात, त्यामागे या लेन्सचा मोठा वाटा आहे. याचं मोल मला फार वाटतं.

आता तर पंगतच बसली आहे. सोनीची २०० ते ६०० (२०१९), कॅननची १०० ते ५०० (२०२०), निकॉनची १८० ते ६०० (२०२३), आणि त्याच वर्षी आलेली कॅननची २०० ते ८००. यांतली कुठलीही घेतलीत तरी आमच्या जुन्या प्राइम लेन्सपेक्षा चित्र सरसच येईल. म्हणून ‘सगळ्यात शार्प कोणती’ या प्रश्नात फार दिवस घालवू नयेत. विचार करायचा तो हातात धरल्यावर काय होतं याचा. सोनी आणि निकॉन यांचा झूम आतल्या आत फिरतो. लांबी बदलत नाही, तोल ढळत नाही, पण बॅगेत जागाही तेवढीच लागते. कॅननची १०० ते ५०० मिटली की आखूड होते, ट्रायपॉडची कडी काढली तर १ किलो ३७० ग्रॅम भरते, आणि फुलपाखरासाठी अगदी जवळही फोकस करते. पायी रान तुडवणाऱ्यानं तिच्याकडे आधी बघावं. २०० ते ८०० शेवटच्या टोकाला एफ/९वर जाते. ५.६च्या तुलनेत निम्म्याहूनही कमी प्रकाश. खुल्या पाणथळीवर, माळावर ती खुलते, दाट झाडीतल्या पहाटे मात्र तिची कसोटी लागते.

प्रकाशाच्या या तुटीची धास्ती मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाही. आमचा तो १/५०चा प्रकाश आठवा. त्याच सावलीत, त्याच ५.६वर, आजचा कॅमेरा ६४०० आयएसओला लावला तर १/३२०० मिळतो. आमच्या काळी हा आकडा कुणी सांगितला असता तर विश्वास बसला नसता.

वेगवान खेळांसाठी निवडताना लोक लेन्सचा मोठा आकडा बघतात. मी लहान आकडा बघायला सांगेन. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा शर्यतीत घाटाच्या माथ्यावर उभं राहून बघा. गाडा सुटला की काही सेकंदांत बैल अंगावर आल्यासारखे समोर येतात. आमच्याकडे ३००ची स्थिर लेन्स असायची. मग वाटेतल्या एका दगडावर फोकस बांधून ठेवायचा आणि बैलांचे खूर तिथे पडले की बटण दाबायचं. एका बारीला एकच फ्रेम. आज १००पासून सुरू होणारा झूम सुटणाऱ्या बैलांपासून भंडारा उधळणाऱ्या माणसांपर्यंत सगळं टिपतो. २००पासून सुरू होणारी लेन्स मात्र ऐन माथ्यावर बैलाची शिंगं छाटते.

आता त्या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पल्ला तोकडा होता, म्हणून तेव्हाची पक्षी छायाचित्रणाची रूढ रीत घरट्यावर बेतलेली होती. घरट्यासमोर गोणपाटाची लपण उभारायची, आड येणाऱ्या फांद्या बांधून बाजूला घ्यायच्या, कारण पक्षी परत येणार हे पक्कं असलेली ती एकच जागा. त्या उघड्या पडलेल्या घरट्यांचा माग कावळ्यांनाही लागायचा. आज अनेक स्पर्धा घरट्याचे फोटो स्वीकारतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. कारण आता तशी गरजच उरलेली नाही. जेमतेम १७ सेंटिमीटरचा छोटा खंड्या ३०० मिमीच्या लेन्सनं फ्रेमच्या पाव भागाहून थोडा मोठा दिसावा, तर ५ मीटरवर जावं लागे. ६००नं तेवढाच मोठा तो १० मीटरवरून दिसतो. या जादा ५ मीटरमुळे तो फांदीवर बसून राहतो, सूर मारतो, मासा आपटतो, पिल्लांकडे नेतो. आपण नसतो तर जसा वागला असता तसाच वागतो.

मग भिगवणला मला जे दिसतं ते सोसत नाही. होडीतल्या सगळ्यांच्या हातात ६०० मिमी असते आणि तरीही नावाड्याला सांगितलं जातं, ‘दादा, अजून थोडी आत घ्या की.’ उथळ पाण्यात मान उलटी करून चरणारा रोहितांचा थवा उठतो, गुलाबी पंखांचे फोटो निघतात, आणि पक्ष्यांची चरायची वेळ वाया जाते. ताडोबातही तेच. वाहन वन्यप्राण्यापासून निदान २० मीटर दूर असावं, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या सूचना सांगतात. आडवा उभा असलेला वाघ २० मीटरवरून ४०० मिमीलाच फ्रेम भरून टाकतो. ६०० असेल तर ३० मीटर पुरतात. हातातल्या लेन्सचा पल्ला दुप्पट झाला, तरी गाड्या होत्या तिथून मागे सरकल्या नाहीत. उलट अनेकदा पुढेच आल्या.

म्हणून नवी लेन्स घेऊ पाहणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींना मी एवढंच सांगतो. बजेट बघा, मनगटाला झेपेल ते वजन बघा, तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट बघा, आणि दुकानात तासभर हातात धरून मगच ठरवा. या चार-पाच लेन्समध्ये वाईट अशी एकही नाही. मात्र ती जिथे वापराल तिथे एक वाक्य आधी म्हणायला शिका, ‘भाऊ, गाडी इथंच राहू द्या.’ आम्हाला जवळ जावं लागायचं, तुम्हाला लागत नाही. इतक्या वर्षांच्या संशोधनानं वाढवून दिलेले हे मिलिमीटर तुम्ही जनावराच्या वाट्याला द्या. फोटो तर त्यातूनच चांगले येतील.