हेमलकसाला आम्ही काय पाहिले?

सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा आम्ही तीन कुटुंबे मुलाबाळांसह हेमलकसाला निघालो. चंद्रपूरहून बल्लारपूर, पुढे आलापल्ली आणि तेथून भामरागडचा रस्ता. आलापल्लीच्या पुढे दोन्ही बाजूंना सागाचे जंगल लागले आणि खिडकीसाठी भांडणारी पोरे आपोआप गप्प झाली.

निघण्यापूर्वी एक काम आम्ही उरकून आलो होतो. वस्तीतील समाजमंदिराला एक खोली वाढवायची म्हणून अंगणातले जुने कडुनिंब तोडण्याचा ठराव समितीने केला होता. त्यावर आमचीही सही होती. सही करताना आम्हाला काहीच वाटले नव्हते.

हेमलकसा गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात आहे. जवळच इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे माडिया गोंड बांधवांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे व सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे यांनी येथेच आयुष्य घातले. २००८ साली या दांपत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दवाखाना, शाळा पाहून आम्ही प्राण्यांच्या अनाथालयाकडे वळलो. बिबटे, अस्वले, हरणे, मगरी पाहून मुले हरखली. पण मोठ्यांच्या मनात राहिली ती या अनाथालयाच्या जन्माची हकिकत. सुरुवातीच्या काळात जंगलातून जाताना डॉक्टरांना शिकार घेऊन परतणारे माडिया भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते मागितले. शिकारी देईनात, कारण त्यांच्या दृष्टीने पिल्लू म्हणजेही एक घासच. तेव्हा डॉक्टरांनी बदल्यात तांदूळ देऊ केले आणि पिल्लू घरी आणले. पुढे लोक स्वतःच अनाथ पिल्ले आणून देऊ लागले आणि शिकारही कमी होत गेली.

आमच्या सौ. म्हणाल्या, "उपाशी माणसाला शिकार करू नको म्हणणं सोपं आहे हो. यांनी आधी तांदूळ दिले."

वाचकहो, सगळे मर्म या एका वाक्यात आहे. माडिया शिकार करीत ती हौसेसाठी नव्हे, पोटासाठी. त्यांना रानटी म्हणून हिणवणारे पुष्कळ होते. आमटे दांपत्याने हिणवले नाही. आधी रोग्याला औषध दिले, माडिया भाषा शिकून घेतली. १९७६ साली शाळा काढली. त्या शाळेत मुले अक्षरांबरोबर भाजीपाला, फळझाडे आणि पाणी देऊन धान्य पिकवायला शिकली, जंगलातले प्राणी राखायलाही शिकली. पोटाला दुसरा आधार मिळाला आणि ज्या माणसावर विश्वास बसला त्याचे वागणे लोकांनी उचलले. नुसत्या भाषणाने हे झाले नसते.

परतीच्या गाडीत आम्हाला आमची सही आठवली. त्या कडुनिंबाखाली दुपारी बाया धान्य निवडतात, म्हातारी माणसे टेकतात, पोलिओचे डोस देणाऱ्या ताई तेथेच टेबल मांडतात. पण मुलांच्या अभ्यासाला खोलीही हवीच आहे. नुसते "झाड तोडू नका" म्हणालो, तर ज्यांची मुले एका खोलीच्या घरात अभ्यास करतात ते आम्हाला काय म्हणतील?

म्हणून पुढच्या सभेत आम्ही ठराव पुन्हा विचारात घ्यावा असा अर्ज देणार आहोत. खोली मागच्या बाजूला बांधता येते, मात्र पाया भरावा लागेल आणि खर्च वाढेल. त्या वाढीव खर्चाची पहिली पावती आमच्या नावाने फाडावी, असे अर्जातच लिहिले आहे. समितीचे सभासद काय ठरवतील ते आज सांगता येत नाही. पण हेमलकसा पाहून आल्यावर रिकाम्या हाताने सभेत उभे राहायची आमची छाती होत नाही.